मे महिन्यात नागपूरची गाडी म्हणते 'उणे ४० अंश'! चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

३० मे २०२४. नागपूरकरांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच आकडा फिरत होता, ५६. रामदासपेठेजवळच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे. त्या केंद्राने त्या दिवशी चक्क ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं होतं.

आता नागपूरला उन्हाचं कौतुक कोणी सांगावं? मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ पर्यंत गेला होता. पण ५६ म्हणजे अतिच झालं. जगातला आजवरचा अधिकृत उच्चांक ५६.७ अंशांचा आहे, तोही कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतला, १९१३ सालचा. शिवाय त्याच दिवशी नागपूर परिसरातली दुसरी काही केंद्रं ४४ अंशांच्या आसपास दाखवत होती. हवामान खात्याने तपासलं आणि सांगितलं की ५६ हा आकडा चुकीचा आहे, केंद्रातला इलेक्ट्रॉनिक सेन्सर बिघडला होता.

हा घोटाळा एका-दोन दिवसांत मिटला, कारण आकडा बघणारी माणसं होती. त्यांनी शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिलं आणि त्यांना शंका आली.

तुमच्या गाडीत असे कितीतरी सेन्सर आहेत. त्यातला एखादा खोटं बोलायला लागला तर गाडीचा कॉम्प्युटर काय करतो? बऱ्याचदा तो विश्वास ठेवतो. नाहीतर घाबरून एक पिवळा दिवा लावतो आणि पुढचं सगळं मालकाच्या नशिबावर सोडतो.

उणे ४० कुठून आलं?

शहराच्या पूर्वेला नंदनवन आहे. ग्रेट नाग रोड, जगनाडे चौक, केडीके कॉलेजचा परिसर. घरं दाटीवाटीची, त्यामुळे बऱ्याच गाड्या रस्त्याच्या कडेलाच, डोक्यावर पत्राही नसताना दिवसभर तापतात. समजा, अशीच एक गाडी मे महिन्यात दुपारी सुरू केली. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा लागला, गाडी जागची हलण्याआधीच रेडिएटरचा पंखा पूर्ण जोरात फिरू लागला. स्कॅनर लावला तर कोड आला पी ०११८. आणि स्कॅनरवर कूलंटचं तापमान दिसतंय उणे ४० अंश.

नंदनवनात, भर मे महिन्यात, उणे ४०.

हे होतं असं. इंजिन किती तापलंय हे मोजणारा सेन्सर म्हणजे एक साधा रेझिस्टन्स असतो. इंजिन गार असेल तर त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापलं की कमी. कॉम्प्युटर त्यावरून तापमानाचा अंदाज बांधतो. आता सेन्सरकडे जाणारी वायर तुटली किंवा तिचा कपलर सैल झाला तर काय होईल? तुटलेल्या वायरचा रेझिस्टन्स अमर्याद. कॉम्प्युटरच्या हिशोबात अमर्याद रेझिस्टन्स म्हणजे अमर्याद थंडी, आणि त्याच्या पट्टीवरचा सगळ्यात खालचा आकडा असतो उणे ४०. म्हणून तो तेच सांगतो.

बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर अशा वेळी 'हे काहीतरी भलतंच आहे' एवढं ओळखतो. मग तो सेन्सरचं ऐकणं सोडतो, एक ठरावीक तापमान गृहीत धरतो आणि इंजिन जळू नये म्हणून पंखा कायम चालू ठेवतो.

आता खरा प्रश्न. बिघडलं काय? सेन्सर? असू शकतो. पण वायर, कपलर, कपलरमधली वाकलेली पिन, उंदराने कुरतडलेला पाऊण इंच तुकडा, यातलं काहीही असलं तरी कोड तोच येणार. पी ०११८ चा अर्थ 'सेन्सर बदला' असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की या सर्किटमधून येणारा व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे.

गॅरेजमध्ये मात्र बऱ्याचदा ऐकू येतं, "भाऊ, सेन्सर गेला ना." सेन्सर बदलला जातो. दिवा चार दिवस बंद राहतो. पाचव्या दिवशी पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर. मग 'ईसीएम बघावा लागेल'. आजच्या गाड्यांच्या बाबतीत लोकांचा सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप जातो तो इथे.

किक मारली की सुरू, ते दिवस गेले कुठे?

घरातली मोठी माणसं हमखास सांगतात, "आमची चेतक बघा, बॅटरी नसली तरी किक मारली की सुरू." ते खरंच आहे. त्या स्कूटरच्या इंजिनमध्ये ठिणगीपुरती वीज फिरणाऱ्या चुंबकातून तयार व्हायची. पेट्रोल-हवेचं मिश्रण कार्बोरेटर करायचा, ज्याला विजेशी काही देणंघेणं नव्हतं. बिघाड झालाच तर प्लग साफ करा, कार्बोरेटर धुवा, गाडी तिरपी करा. निम्मा नागपूर हे सगळं घरच्या घरी करायचा.

मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे टाकीत विजेवर चालणारा पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा कॉम्प्युटर. सुरक्षेच्या नियमांनीही भर घातली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, मागे घेतानाचे सेन्सर, सीटबेल्टची आठवण आणि ८० च्या पुढे गेल्यावर वाजणारी टिकटिक आली. एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. त्यात गाडी रस्त्यावर धावत असताना तिचे प्रदूषण रोखणारे भाग नीट काम करताहेत की नाही, यावर गाडीनेच नजर ठेवायची.

यातली एकही गोष्ट उगाच आलेली नाही, हे मान्य करायला हवं. एबीएसने ओल्या रस्त्यावर अनेकांची हाडं वाचवली आहेत. बीएस-६ इंजिनचा धूरही जुन्या गाड्यांच्या मानाने कितीतरी कमी. तक्रार या भागांबद्दल नाही. ते बिघडल्यावर जे घडतं, त्याबद्दल आहे.

गाडीच्या आतला व्हॉट्सॲप ग्रुप

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी वायर असायची. हॉर्नचं बटण ते हॉर्न, एक वायर. विषय संपला. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तसं वायरींचं ओझं इतकं वाढलं की गाडी बनवणाऱ्यांना नवा उपाय शोधावा लागला. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये तो जगासमोर मांडला. त्याचं नाव कॅन बस.

कॅन बस म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या फक्त दोन वायरी. इंजिनचा कॉम्प्युटर, एबीएसचा, एअरबॅगचा, मीटरचा, दरवाजांचा, सगळे या दोन वायरींवर जोडलेले असतात. हे अगदी व्हॉट्सॲप ग्रुपसारखं चालतं. एकाने मेसेज टाकला की सगळ्यांना दिसतो, ज्याच्या कामाचा असेल तो घेतो, बाकीचे सोडून देतात. चाकाचा वेग एबीएसवाला सांगतो, तोच मेसेज वाचून स्पीडोमीटरचा काटा हलतो आणि दरवाजे आपोआप लॉक होतात. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर महत्त्वाचा मेसेज पुढे जातो, दुसरा थांबतो. ब्रेकपुढे काचेच्या बटणाला थांबावंच लागतं.

ग्रुपमध्ये एखादा सदस्य बिघडून वेडेवाकडे मेसेज टाकायला लागला तर? त्याचीही सोय आहे. प्रत्येक सदस्य स्वतःच्या चुका मोजत असतो. चुकांचा हिशोब २५५ च्या पुढे गेला की तो स्वतःहून ग्रुप सोडतो. (माणसांच्या ग्रुपमध्ये ही सोय आली तर काय बहार येईल.)

गंमत इथून सुरू होते. एबीएसचा कॉम्प्युटर गप्प झाला की स्पीडोमीटरला वेग कळत नाही. काही गाड्यांत स्टिअरिंग जड होतं, गिअर अडकून बसतो, टेकडीवर गाडी धरून ठेवणारी सोय बंद पडते. एकाच वेळी पाच दिवे लागतात. डॅशबोर्डवर दिवाळी. मालकाला वाटतं गाडीचा सत्यानाश झाला. प्रत्यक्षात पाच गोष्टी बिघडलेल्या नसतात. एक जण बोलेनासा झालेला असतो आणि बाकीचे चौघे 'तो कुठाय?' असं विचारत असतात. असे कोड 'यू' अक्षराने सुरू होतात. यू ०१२१ म्हणजे 'एबीएसशी संपर्क तुटला'. तक्रार करणाऱ्याकडे बघायचं नसतं, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडे बघायचं असतं. कित्येकदा त्याला वीज पोचवणारा फ्यूज नाहीतर त्याची अर्थची वायर एवढंच निघतं.

सेन्सरांचंही असंच. अनेक सेन्सरांना कॉम्प्युटर ५ व्होल्टची वीज एकाच सामायिक वायरीतून देतो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांची वीज खाली येते आणि तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम येतात. तीन सेन्सर एकाच सकाळी मरत नाहीत. ज्या गॅरेजमध्ये तिन्ही बदलायचं एस्टिमेट हातात देतात, तिथे आधी हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आधी संशय बॅटरीवर

आधुनिक गाडीचे बहुतेक 'भुताटकी' वाटणारे बिघाड जुन्याच, कंटाळवाण्या कारणांनी होतात. त्यातलं पहिलं म्हणजे बॅटरी.

बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते १४ च्या आसपास नेतो. सेल्फ मारताना मात्र स्टार्टर एकदम शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली जातो. बॅटरी धडधाकट असेल तर १० च्या वर राहतो. थकलेली असेल तर ९, ८ असा घसरतो. आणि इथे कॉम्प्युटरांची गडबड होते. ते नीट बंदही पडत नाहीत आणि नीट चालतही नाहीत. कोणी अर्धवट जागा होतो, कोणी चुकीचा कोड साठवून ठेवतो. इंजिन तर सुरू होतं, पण डॅशबोर्डवर एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग असे सगळे दिवे. म्हणून कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन स्कॅनर काढायच्या आधी मल्टिमीटर काढतो.

विदर्भात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. बॅटरी थंडीत मरते असं लोकांना वाटतं, कारण बंद ती थंडीच्या सकाळी पडते. तिला मारलेलं असतं आधीच्या उन्हाळ्याने. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते. बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज बांधा. पुण्यात जी बॅटरी चार वर्षं आरामात चालते तिच्याकडून नागपूरच्या उन्हात तेवढीच अपेक्षा ठेवू नये.

दुसरी तक्रार अशी असते की गाडी चार दिवस उभी ठेवली आणि बॅटरी उतरली. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म जागे असतात. त्यांनी ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेतला तर ते ठीक. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशोबाने जवळपास महिनाभर पुरते. पण एखादा कॉम्प्युटर झोपलाच नाही, किंवा बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस, म्युझिक सिस्टीम कायम चालू राहिली आणि करंट ५०० मिलिअँपिअर झाला, तर तीच बॅटरी तीन दिवसांत रिकामी. नवी बॅटरी टाकूनही हा आजार जात नाही, फक्त तीन दिवस लांबतो.

बॅटरी बदलल्यावर अजून एक घोळ होतो. पॉवर विंडो एका टिचकीत खाली जायची, ती जात नाही. स्टिअरिंगचा दिवा लागलेला राहतो. लोक धावत गॅरेजला जातात. अनेक गाड्यांत हा बिघाड नसतोच. वीज गेल्यामुळे कॉम्प्युटर काचेची हद्द आणि स्टिअरिंगचा मध्य विसरलेला असतो. काच पूर्ण वर-खाली करून बटण थोडा वेळ दाबून धरलं, स्टिअरिंग एकदा डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवलं की त्याला आठवतं. नेमकी पद्धत गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असते. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी चालत नाही. त्या कामासाठी बनवलेलीच लागते, आणि काही गाड्यांत 'नवी बसवली' हे स्कॅनरने कॉम्प्युटरला सांगावंही लागतं.

अर्थ, पाणी आणि उंदीरमामा

गाडीत परतीची वायर नसते, गाडीचा पत्राच परतीचा रस्ता असतो. पत्र्याला जिथे काळी वायर बोल्टने कसलेली असते त्या जागेला अर्थ म्हणतात. तिथे गंज धरला किंवा डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी बोल्टखाली रंग गेला, की रस्ता अडतो. किती अडतो? बॅटरीच्या अर्थमध्ये शंभरावा भाग ओहम एवढा क्षुल्लक अडथळा असला तरी सेल्फच्या १५० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट गळतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा सरकतो, असं काही दिसलं तर ते अर्थचं लक्षण समजावं. पॉलिश पेपर आणि एक पाना, दुरुस्ती एवढीच. पण ती जागा शोधायला वेळ लागतो, आणि बिलावर 'शोधण्याचे' पैसे द्यायची आपल्याकडे कोणाची तयारी नसते. पार्ट बदलला की पैसे निमूट दिले जातात. मेकॅनिकही माणूस आहे, तो पार्टच बदलणार.

पाण्याचं दुखणं नागपूरकरांनी २३ सप्टेंबर २०२३ ला पाहिलं. मध्यरात्रीनंतर काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरंच्या घरं पाण्यात गेली आणि गाड्याही बुडाल्या. हीच नाग नदी पुढे शहराच्या पूर्व भागाकडे, नंदनवनच्या बाजूने वाहत जाते. बुडालेली गाडी 'सुरू होते का बघू' म्हणून सेल्फ मारणं हा सगळ्यात महागडा प्रयोग. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बऱ्याचदा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली लागते. आधी बॅटरीची वायर सोडायची, मग टोइंग.

पण पुराचा खरा त्रास नंतर सुरू होतो. अनेक गाड्यांत कॉम्प्युटर आणि कपलर सीटखाली, कार्पेटखाली असतात. गाडी वरून वाळते, चालूही होते. आत तांब्यावर हिरवट थर हळूहळू वाढत राहतो आणि सहा महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो. जुनी गाडी घेताना सीटखालचं कार्पेट उचलून बघायला सांगतात, ते यासाठी.

आणि उंदीर! उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली त्याला घर मिळतं, आणि सतत वाढणारे दात झिजवायला वायरीही. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या असे उपाय लोक करतात. वास उडाला की उपाय संपला. त्यापेक्षा गाडी रोज हलवणं आणि आसपास धान्य, कचरा न ठेवणं जास्त कामाचं. वायर कुरतडल्यावर मात्र नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी नवा बिघाड पेरणं. डाग देऊन वर आकसणारी नळी चढवली तर जोड टिकतो. एअरबॅगच्या वायरींना तर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीशिवाय कोणी हातच लावू नये.

या यादीत माणसानेही नाव कमावलंय. जास्त प्रकाशाचे दिवे, जोरदार हॉर्न, रंग बदलणारी पट्टी, यासाठी मूळ वायर सोलून जोड दिला जातो. जुन्या गाडीत हे खपून जायचं. नव्या गाडीत कॉम्प्युटर प्रत्येक दिव्याचा करंट मोजत असू शकतो. एलईडी कमी करंट घेतो, कॉम्प्युटरला वाटतं बल्ब उडाला. आणि जोड चुकून कॅन बसच्या वायरीवर दिला गेला, तर अख्खा ग्रुपच बंद.

'गॅरेजमध्ये नेली की बरोबर चालते'

सगळ्यात वैताग देणारा प्रकार म्हणजे अधूनमधून होणारा बिघाड. दुपारी तीनला गाडी बंद पडते, संध्याकाळी गॅरेजात पोचते तेव्हा शहाण्या मुलासारखी चालते. मेकॅनिक म्हणतो काहीच नाही, मालकाला खोटं पडल्यासारखं वाटतं. दोघंही खरं बोलत असतात. डागातली केसाएवढी चीर तापल्यावर उघडते आणि थंड झाल्यावर मिटते. त्यामुळे दुपारी तापलेल्या गाडीत जे होतं ते संध्याकाळी सापडत नाही.

इथे गाडीच्याच वहीचा उपयोग होतो. इंजिनच्या प्रदूषणाशी संबंधित कोड साठवताना कॉम्प्युटर त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो. वेग किती, इंजिनचं तापमान किती, फेरे किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पण गॅरेजमध्ये पहिलं काम काय होतं? कोड पुसले जातात, 'दिवा गेला' म्हणून. कोडसोबत तो फोटोही जातो. म्हणजे चोरी झालेल्या घरात पोलिस यायच्या आधी झाडू मारल्यासारखं. कोड पुसायच्या आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्यायला सांगणं, आणि स्वतः दोन ओळी लिहून ठेवणं (ऊन होतं की पाऊस, स्पीडब्रेकरवर झालं की सरळ रस्त्यावर, एसी चालू होता का) यात मेकॅनिकचे कित्येक तास वाचतात.

आणि दिव्याचा रंग बघायचा. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी किंवा गॅरेजला नेता येते. तोच लुकलुकत असेल तर इंजिनात ठिणगी चुकते आहे आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या महागड्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं आहे. वेग कमी करून थांबलेलं बरं. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबायचं.

गाडी तुमची, पण तिची वही वाचायचा हक्क कोणाचा?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा, ब्लूटूथने मोबाइलला जोडला जाणारा छोटा रीडर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. त्याने इंजिनचे ठरावीक कोड कोणालाही वाचता येतात, कारण प्रदूषणाच्या नियमांमुळे ते कोड खुले ठेवावे लागतात. एबीएस, एअरबॅग, दरवाजे, चाव्या यांची माहिती मात्र कंपनी आपल्या पद्धतीने ठेवते. तिथे कंपनीचा स्कॅनर किंवा महागडा स्वतंत्र स्कॅनर लागतो. काही गाड्यांत तर नवा पार्ट बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख करून दिल्याशिवाय तो काम करत नाही. मग मोहल्ल्यातला वीस वर्षांचा अनुभव असलेला मेकॅनिकही हात वर करतो, आणि गाडी टो होऊन सर्व्हिस सेंटरला जाते.

या विषयावर भारतात एक मोठी लढाई झाली आहे, जी फारशी कोणाला माहीत नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीसाठी त्यांच्याच दारात जावं लागतं. सुरुवातीला तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने मारुती, टाटा, महिंद्रा, टोयोटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही आदेशात होतं. कंपन्या अपिलात आणि न्यायालयांत गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये थेट मतदान घेऊन लोकांनी याच मागणीचा कायदा करून घेतला होता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनंही आहेत.

गाडी वॉरंटीत असेल आणि तोच बिघाड वारंवार येत असेल तर भांडणात आवाजापेक्षा कागद उपयोगी पडतो. प्रत्येक वेळी जॉबकार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायची, 'जनरल चेकअप' लिहू द्यायचं नाही. बदललेला जुना पार्ट मागून घ्यायचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. बिघाड मुळातच गाडीच्या रचनेतला असेल तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सरकारला गाड्या परत बोलवायचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आहे. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी मालकांना सरकारच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि ठरावीक संख्येत तक्रारी जमल्या की चौकशी होते. कंपन्या स्वतःहूनही गाड्या परत बोलावतात. आपली गाडी त्यात आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघता येतं. चेसिस नंबर आरसीवर छापलेला असतो.